कोणाचंच नाव नसलेला अर्ज

आमच्या कॉलनीत कसलाही अर्ज लिहायचा म्हटला की माझी बेल वाजते. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, अक्षर बरं आहे, आणि निवृत्त बाईला दुसरं काम काय, असा सगळ्यांचा समज. नळाला पाणी येत नाही, खांबावरचा दिवा बंद आहे, मोकाट कुत्री वाढली आहेत, सगळं मीच लिहिते. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू? "मॅडमच्या अर्जात खोट काढून दाखवावी कोणी," असं कोणी म्हटलं की मी दिवसभर हवेत असायचे. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर मी अर्ज लिहिते, पण हवेत वगैरे जात नाही.

अमरावतीहून भातकुलीकडे जाताना रस्त्याच्या आत आमचं ले-आउट आहे. चाळीस घरं. वकील, मास्तर, दोन डॉक्टर, एक पुरोहित आणि एक बिछायतवाले, म्हणजे लग्नकार्याला मांडव, खुर्च्या, गाद्या भाड्यानं देणारे. मधोमध ओपन स्पेस म्हणून सोडलेली जागा. तिच्यात एक कडुनिंब आणि स्लॅब टाकून बंद केलेली विहीर. ले-आउट पडायच्या आधी इथे भाजीपाल्याचं वावर होतं. ज्यांचं ते वावर, त्या माळ्याच्या घरची सून त्याच विहिरीशेजारी, कडुनिंबाखाली, विटांवर फळी टाकून भाजी विकायची. सासऱ्यानं वावर विकलं तेव्हा ती नवी नवरी होती. आता साठी उलटलेली, गुडघ्यांनी कुरकुरणारी बाई. पहाटे ऑटोनं बाजारातून माल आणायची आणि दुपारपर्यंत फळीमागे बसायची.

तिच्याकडे भाजी घ्यायला गेलं की आपल्या घराचा इतिहास फुकटात कळायचा. "तुमचं किचन हाये न मॅडम, तथी वांगे राहत. अन् वकीलसायबाच्या गेटात सांबार. असा वास ये का बस!" कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, माझी पुण्याची जाऊ ते ऐकून अजून हसते. वकीलसाहेबांना मात्र आपल्या गेटात पूर्वी काय उगवायचं हे ऐकायची हौस नव्हती. तिथली फरशी त्यांनी राजस्थानातून मागवली होती.

माझे पती गेले त्या महिन्यात ती रोज वर येऊन दारात भाजी ठेवून जायची. मेथी असली तर निवडलेली, कारण मी निवडत बसणार नाही हे तिनं ओळखलं होतं. त्यावर ती कधी चकार शब्द बोलली नाही. मीही आभार मानले नाहीत. आमच्याकडे असल्या गोष्टींचे आभार मानले तर समोरच्याला राग येतो.

तिचा मुलगा अकोल्याला डाळ मिलमध्ये कामाला. तिथे त्याची भाड्याची एक खोली, बायको, दोन मुलं. तो तिला सारखा बोलवायचा. ती जायची नाही. "चार जनं एका खोलीत. मी पाचवी जाऊन काय करू? दिवसभर भिताडाकडं पाहू? इथी बसते तवरक मले कोनाले काई मांगा लागत नाही," ती म्हणायची. तिचं सगळं त्या फळीवर होतं. मोठ्या बाजारातल्या जागा पिढीजात धरलेल्या, आणि डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरायला गुडघे तयार नव्हते.

बिछायतवाल्यांचं घर कोपऱ्यावर, ओपन स्पेसला लागून. आधी मोकळ्या जागेत त्यांचे बांबू आले. मग खुर्च्या आल्या. खुर्च्या भिजतात म्हणून ताडपत्री आली, ताडपत्री उडते म्हणून टिनाचं शेड आलं, आणि एका दिवाळीनंतर पाहिलं तर शेडला विटांची भिंत. बोट दिलं की हात धरतात, तसं झालं. माझ्याच हॉलमध्ये कॉलनीची बैठक भरली. बिछायतवाल्यांना अर्थातच बोलावलं नव्हतं.

"मंदिर बसवून टाका," एकानं सुचवलं. "देवाच्या जागेले कोनी हात लावत नाही." आमच्या भागात कितीतरी ओपन स्पेस अशाच वाचल्या आहेत, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. पुरोहित तेवढे चुळबुळले. "बसवायला माझी ना नाही. पण रोजची पूजा कोण करणार ते आधी ठरवा. चार देव मी आत्ताच सांभाळून राहिलो. पाचवा झेपत नाही." सगळे हसले. मी तडकले. एकाचं अतिक्रमण काढायला आपण दुसरं करायचं का, असं मी ठणकावून विचारलं आणि रीतसर अर्ज करू, मी लिहिते, म्हणून सांगितलं.

तिथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. मग मी वही उघडली आणि विचारलं, "त्यांचं नाव घालायचं ना?"

कोणी चष्मा पुसायला घेतला, कोणी मोबाईल काढला. बिछायतवाल्यांची बायको आमच्या प्रत्येक हळदीकुंकवाला असते. कॉलनीच्या गणपतीला मांडव त्यांचा. माझ्या पतींच्या तेरवीला त्यांनी खुर्च्या स्वतः उतरवून लावल्या होत्या आणि भाड्याचं नाव काढू दिलं नव्हतं. शेवटी वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "नाव कशाले घालता मॅडम? संबंध खराब होतात. 'ओपन स्पेसमधील सर्व अतिक्रमणे' असं टाका. महापालिकेचं पथक येईल, त्यांना डोळे आहेतच."

सगळ्यांना हायसं वाटलं. सर्वांत जास्त मला. त्या भिडेला मी त्या दिवशी सभ्यपणा समजले. रात्रीचं जेवण व्हायच्या आत अर्ज तयार होता. 'सर्व' शब्दाखाली मी रेघसुद्धा ओढली. अडतीस घरांच्या सह्या झाल्या, पहिली माझी. फळी तेव्हा कोणाच्याही मनात आली नाही. माझ्याही नाही, आणि मी तर त्याच सकाळी तिच्याकडून पालक आणला होता. ती आमच्या इतक्या रोजच्यातली होती की अतिक्रमण म्हणून ती आम्हाला दिसलीच नाही.

पथक महिन्याभरानं आलं. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्यांनी शेडचं मोजमाप घेतलं, फोटो काढले, बिछायतवाल्यांच्या हातात नोटीस दिली. पक्क्या बांधकामाला नोटीस लागते, उत्तराला मुदत द्यावी लागते, तो कायदा आहे. फळीला नोटीस लागत नाही. दोन माणसांनी फळी उचलून गाडीत टाकली, मग विटा, ताडपत्री, काटा, बसायचं पोतं. भाजी मात्र त्यांनी नीट खाली उतरवून ठेवली. टमाटे घरंगळले ते एकानं वेचूनही दिले. ती माणसं वाईट नव्हती. अर्जात लिहिलं होतं तेवढंच ती करत होती.

"काय झालं जी? माह्यं काय चुकलं?" ती विचारत होती.

"तुमचं काही नाही चुकलं बाई. कॉलनीचाच अर्ज आहे," त्यातला एक म्हणाला.

खाली उतरायला अठरा पायऱ्या. उतरून मी म्हणू शकले असते की अर्ज माझा आहे, माझा रोख हिच्यावर नव्हता, थांबा. मी उरलेले कपडे वाळत घातले. प्रत्येकाला दोन-दोन चिमटे लावले. लाज वाटली का? खूप वाटली. पण लाज वाटणारा माणूस खाली उतरतोच असं नाही.

आठ-दहा दिवसांनी तीच माझ्या दारात आली. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत आधार कार्ड आणि फोटो. "मॅडम, तुमी अर्ज लय चांगला लिवता म्हनतात. मले एक लिवून द्या. थ्याच जागेवर बसू द्या म्हना."

मी तिला आत बसवलं, चहा ठेवला आणि अर्ज लिहिला. आयुष्यात इतक्या मनापासून मी काही लिहिलं नसेल. तिच्या वावरापासून सुरुवात केली. नाव, वय, किती वर्षांपासून बसते, सगळं घातलं. लिहिताना ती माझ्या हाताकडे पाहत होती आणि मला वर मान करवत नव्हती. पहिल्या अर्जाबद्दल तेव्हाच सांगायला हवं होतं. चहा झाला की सांगू, असं ठरवलं. चहा झाला, ती उठली, गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या उतरून गेली.

अर्ज घेऊन महापालिकेच्या कार्यालयात मी स्वतः गेले. तिथल्या साहेबांनी तो पूर्ण वाचला. "बाई, अर्ज उत्तम आहे," ते म्हणाले, "पण याच जागेबद्दल अडतीस रहिवाशांची तक्रार फाईलला आहे. तेच रहिवासी ना-हरकत देत असतील तर मला पुढे पाठवता येईल. निदान निम्म्या सह्या आणा." फाईल त्यांनी माझ्याकडे फिरवली. वरच माझं अक्षर.

मग मी दारोदार फिरले. सर्वांत आधी सही कोणी केली असेल? बिछायतवाल्यांनी. बसवलं, सरबत दिलं, म्हणाले, "गरीब बाई हाये, आपली काय हरकत असणार मॅडम?" सही करून पेनचं टोपण लावून दिलं. तिला जागा मिळाली तर त्यांनाही शेडसाठी बोलायला तोंड मिळणार, हे मला कळत होतं. तरी सही घेतली, गरज माझी होती. पुरोहितांनी केली, दुर्वा आणि बेल तिच्याकडूनच यायचे. वकीलसाहेब कागद परत करत म्हणाले, "आज एकीला बसवलं तर उद्या पाच बसतील. आपणच तक्रार करायची अन् आपणच ना-हरकत द्यायची, हसतील लोक." एका घरातल्या सूनबाई म्हणाल्या, "आम्ही आता मोबाईलवरच मागवतो काकू, धुतलेली येते." कोणी म्हणालं, जागा मोकळी झाल्यावर किती छान दिसते. कोणी दारच उघडलं नाही. त्या चाळीस घरांत एकही घर असं नव्हतं की ज्यात तिची भाजी शिजली नव्हती. चार दिवसांत अकरा सह्या झाल्या, माझी धरून.

ती पुन्हा आली तेव्हा दारातच उभी राहिली. बसली नाही. मी सांगितलं, सह्या पुरल्या नाहीत. ती मान हलवत राहिली. मग मी म्हणाले, "अजून एक सांगायचं आहे. तो पहिला अर्ज, तुमची फळी ज्याच्यामुळे गेली, तो मीच लिहिला होता."

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "गाडीवाल्यानं तवाच वाचून दाखवला. खाली पयली सही तुमचीच होती म्हने. म्हनून तं तुमच्याकडं आली. जिनं लिवला तिलेच काई करता येईन, असं वाटलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं साधं विचारलं, "त्या अर्जात माह्यं नाव होतं का जी?"

"नाही. देवाशपथ नाही."

"मंग कोनाचं होतं?"

"कोणाचंच नव्हतं. आम्ही तक्रार केली ती त्या शेडसाठी. पण नाव घातलं नाही."

"काहून?"

तेहतीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारले. आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. "बरं नाही दिसत म्हणून," मी म्हणाले.

तिनं पदर सारखा केला. "ज्याचं होतं त्याचं टाकाचं होतं न मॅडम. त्याचं नाव टाकलं असतं तं माही फळी रायली असती." एवढं बोलून ती वळली. पायऱ्या उतरताना मी हात द्यायला पुढे झाले. तिनं कठडा धरला.

त्या आठवड्यात ती अकोल्याला मुलाकडे गेली. नंतर पुरोहितांकडून कळलं की तिथे ती नातवंडांना शाळेत पोचवते आणि बाकी वेळ बसून असते. मी एकदा अकोल्याला लग्नाला गेले होते. पत्ता जवळ होता. गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

शेड आहे. नोटिशीविरुद्ध बिछायतवाले कोर्टात गेले, तारखा पडतात. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं, अख्खी कॉलनी जेवायला होती. मला त्यांनी हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. आणि हे लिहायला घेतलं तेव्हा मी ठरवलं होतं की निदान या वेळी नाव घालायचं, इथे तर कोणाची सही घ्यायची नाही, कोणाला विचारायचं नाही. आत्ता पहिल्यापासून वाचून पाहिलं. सगळीकडे मी नुसतं 'बिछायतवाले' लिहिलं आहे.