सल्ल्याचा रकाना

मेडिकल कॉलेजात मी कम्युनिटी मेडिसिन शिकवतो. सर्जरीवाले आमच्या विषयाला गटारशास्त्र म्हणतात, आणि मी त्यांना पुरावेही पुरवत असतो. तेलंगणातल्या नेरडीगोंड्याजवळच्या एका गावात अठरा विद्यार्थ्यांना आदर्श शोषखड्डा समजावताना मी ऐटीत एक पाऊल मागे सरलो आणि अजिबात आदर्श नसलेल्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत उतरलो. पोरं आठवडाभर हसत होती. पण ती चूक धुतली की निघाली.

गाव मराठी, पोरं तेलुगू. दुभाषा मीच, आणि त्याचा मला केवढा तोरा!

त्याच दिवशी कपाशी-ज्वारी करणाऱ्या एका घरात गेलो. सुनेला सातवा महिना लागलेला. मी तिची खालची पापणी ओढून पोरांना दाखवली. आत लालीचा मागमूस नव्हता. "बघा, पुस्तकातसुद्धा इतकं स्पष्ट दिसणार नाही," मी तेलुगूत म्हणालो. आपलं कौतुक चाललंय असं वाटून ती हसली. मग अठरा जणांनी ओळीनं तिची पापणी ओढली. तिचं माहेर पलीकडे महाराष्ट्रात, त्यामुळे तिला तेलुगूचा गंध नव्हता. पोरांचे प्रश्न मी मराठीत करून विचारत होतो. पाणी कुठलं, जेवणात काय?

"मटन रोज खाते म्हनून लिवा," सासू म्हणाली. "कागदावर तरी खाऊ द्या पोरीले."

आम्ही हसलो, चहा प्यालो, निघालो.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पापणी आणखी पांढरी. मी अगदी खूश. तुलना शिकवायला फार सोयीचं झालं होतं.

तिसऱ्या खेपेला ती बाजेवरून उठली नाही. पाय सुजलेले, दोन शब्द बोलताना धाप लागत होती. मी तिच्यावरच डाफरलो, "दवाखान्यात का नाही गेलीस?"

"काऊन जाऊ सर? इतके डाक्टर घरी येऊन राह्यले. काई असतं तर तुमी सांगतलं नसतं का?"

"आशाताई बी तेच म्हने," सासू म्हणाली. "आता मोठे डाक्टर पाहून राह्यले, मी काय सांगू!"

मी मागं वळलो. एका विद्यार्थिनीनं आपलं जर्नल पुढं केलं. पहिल्या भेटीचं पान. सल्ल्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलेलं, रक्त फार कमी आहे, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवावं. खाली लाल शाईत माझी सही. मी बाकीची जर्नलं उघडली. अठराही जणांनी बरोबर लिहिलं होतं. अठराही जणांना मी पैकीच्या पैकी गुण दिले होते.

"आम्हाला वाटलं, तुम्ही त्यांना सांगितलं असेल," ती तेलुगूत म्हणाली.

प्रश्न तेवढे मी मराठीत आणले होते. सल्ला जर्नलातच राहिला.

कॉलेजच्या बसच्या मागच्या बाकावर तिला आडवं करून आदिलाबादला नेलं. रक्त चढवलं, ती वाचली. बाळ वेळेआधी झालं. पाच दिवस काचेच्या पेटीत होतं. सहाव्या दिवशी सकाळी पेटी रिकामी होती.

यंदा नवी तुकडी घेऊन गेलो. ते घर टाळायचं ठरवलं होतं, पण वाटच तिथून जाते. ती दारात ज्वारी पाखडत होती. मला पाहून तिनं पदर कपाळाखाली ओढला, डोळ्यांपर्यंत.

"सर, या घरात काय पाहायचं?" एका पोरानं विचारलं.

मी घाईनं तेलुगूत शोषखड्ड्याचा किस्सा सुरू केला. खड्डा नेहमीपेक्षा खोल केला, चिखल कमरेपर्यंत आणला. पोरं खो खो हसली.

तिचं सूप थांबलं. "काय सांगून राह्यले सर या पोराइले?"

"माझी एक चूक," मी म्हणालो.

तिनं पदर वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोनती?"