तिसरा कप

ऑफिसात आफ्रिका महिना साजरा होतोय. पॅन्ट्रीत कुणीतरी कॉफीच्या हिरव्या बिया भाजल्या, आणि त्या करपट वासाने मी कुवेतमधल्या, रिग्गई भागातल्या माझ्या जुन्या फ्लॅटमध्ये पोचले.

वरच्या घरी कामाला असलेली इथिओपियाची अलमाझ शुक्रवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात अशाच बिया भाजायची. त्यांच्यात कॉफी तीनदा पितात. एका शुक्रवारी मी दुसऱ्या कपालाच उठले.

"मॅडम, तिसरा आशीर्वादाचा. बसा ना, मला काही सांगायचंय."

"पुढच्या शुक्रवारी गं." मला मॉलमध्ये जायचं होतं. तिच्या मनगटावरचा काळानिळा वळ मी पाहिला होता.

पुढच्या शुक्रवारी वर नवी बाई होती. अलमाझ कुठे गेली, कुणी सांगेना. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आज तिसरा कप हातात आला. मी तो बेसिनमध्ये ओतला.