कोमल डावीकडे का बघते

बापूमामा चपला घालूनच माझ्या स्टुडिओत शिरले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरीला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं का?"

मी म्हटलं, "आधी पाणी घ्या."

"पानी राहू द्या. तुमी पाठवल्यालं गानं मी वर्कशॉपात पंधरा मानसांना दावलं. समदे म्हनले, मधली पोरगी तिरळी हाय का? चार येळा ती ओळ येती, चारी येळा हिचे डोळे कुठंतरी जात्यात, अन् तुमी झटक्यात दुसऱ्या पोरी दावता. का वो असं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पण धंद्यात हे कबूल करायचं नसतं. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तरुणपणी मी एकांकिका स्पर्धांत पाच-सहा वर्षं काढली आहेत. चष्मा पुसण्यात किती वेळ घालवता येतो हे मला ठाऊक आहे.

आधी माझा धंदा सांगते. नगरला सावेडीत माझी एक खोली आहे, तिला मी स्टुडिओ म्हणते. तिथे मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे कॅमेरामन आठ-दहा तासांचं जे शूटिंग आणून टाकतो, त्यातून बघण्याजोगं तेवढं ठेवायचं, त्याला गाणी लावायची आणि नवरीच्या डोक्यावर पाकळ्या पाडायच्या. आमच्या घरात आजोबा भिक्षुक, वडील मास्तर. तिसऱ्या पिढीत मी पुन्हा लग्नंच लावते, फक्त कॉम्प्युटरवर.

अशा बाईकडे म्युझिक व्हिडिओ येतो तेव्हा नाट्यगृहातल्या प्रॉम्प्टरला अचानक नायिकेची साडी नेसवावी, तसं होतं. मी हुरळून गेले होते.

तीन मुलींचा ग्रुप. नाव 'लवंगी'. नाच बसवणारी ऋतुजा नगरची, पल्लवी कोपरगावची आणि मधली कोमल श्रीगोंद्याची. गाणं कोमलनं स्वतः लिहिलेलं, आवाजही तिचाच पुढे. बापूमामा तिचे सख्खे मामा. नागापूर एमआयडीसीत त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. व्हिडिओचा खर्च त्यांचा आणि लोकेशनही त्यांचंच. निळी कामगारी डांगरी घातलेल्या तीन पोरी, डोक्यावर वेल्डिंगचे चष्मे, मागे ग्राइंडरच्या ठिणग्या. शेवटी तिघी मोडकी मोटरसायकल दुरुस्त करून तिच्यावर ट्रिपल सीट निघून जातात. गाणं असं:

गेलास तर गेलास, दार ओढून घे,
चहाचा कप एकच, तोही मीच घेते,
तुझ्या नावाची रिंगटोन कधीच बदललीये,
मला माझी सोबत पुरते.

या गाण्यामागे काय होतं ते अख्ख्या श्रीगोंद्याला माहीत होतं. कोमलचा साखरपुडा होऊन मोडला होता. मुलाकडच्यांनीच मोडला. तेव्हापासून तिची आई दळणाला जायची ती भलत्याच वेळी, कोणी भेटू नये म्हणून. म्हणून मामांची एकच अट होती: "पोरगी व्हिडिओत एकदा बी तोंड पाडून दिसाय न्हाई पायजे. गावाला कळू द्या, तिचं काय बी अडलं न्हाई."

आणि नेमकं 'मला माझी सोबत पुरते' या ओळीवर कोमलची नजर कॅमेऱ्यावरून सुटायची आणि डावीकडे जायची. दर टेकला. टेक म्हणजे एकदा कॅमेरा चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचं शूटिंग. आमच्या धंद्याचा पहिला नियम: नजर कॅमेऱ्यावरून हटली की कट. लग्नात नवरदेवानं इकडेतिकडे बघितलं की मी तिथेच कापते. हात आपोआप चालतो. त्यापुढचं काय आहे ते मी बघतही नाही.

मामांना मी म्हटलं, "दोन दिवस द्या, दुरुस्त करते."

मी केलं ते असं. त्या ओळीवर कोमलच्या जागी इन्सर्ट लावले. इन्सर्ट म्हणजे मधे चिकटवायचे छोटे शॉट. एकदा ठिणग्या, एकदा ऋतुजाची गिरकी, दोनदा पल्लवीच्या हातातला पाना. झकास दिसत होतं. मी तिघींना बघायला बोलावलं. ऋतुजा आणि पल्लवी खूश. गाणं संपल्यावर कोमल म्हणाली, "ताई, माझ्या गाण्यात मी कुठंय?"

"आहेस की. सगळीकडे आहेस."

"त्या ओळीला नाय. ती ओळ मी लिहिलीये अन् म्हणतोय पल्लवीचा पाना."

पल्लवी म्हणाली, "पान्याला नाव ठेवू नको हां, भारी आलाय पाना."

कोमल हसली नाही. ती इतकंच म्हणाली, "असंच लावणार असाल तर मला काढूनच टाका. दोघींचं करा." आणि पर्स उचलून जिना उतरली. ग्रुप तिथेच संपायच्या बेताला आला होता, आणि एक गाणंही अजून बाहेर पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला एकटीला बोलावलं. एसटीनं आली. मी आवाज बंद करून मूळ शूटिंग लावलं आणि जिथे नजर सुटते तिथे चित्र थांबवलं. मग दुसरा टेक, तिथेही थांबवलं. मग तिसरा.

"लाइट डोळ्यात जातोय का?" मी विचारलं.

"नाय."

"मग काय दिसतं तिकडे?"

तिनं पडद्यावर थांबलेलं स्वतःचं तोंड नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "तिथं सागर उभा राहायचा."

सागर म्हणजे साखरपुड्यातला मुलगा. कोमल तीन वर्षं मोबाईलवर गाण्याचे रील बनवायची. मोबाईल स्टँडवर, आणि स्टँडच्या डाव्या हाताला सागर, हातात टॉर्च धरून. ओळ चांगली गेली की तो अंगठा वर करायचा. ती गाता गाता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घ्यायची. बरं झालं की नाही ते तिला अंगठ्यावरून कळायचं.

"मग मोडलं कशावरून?" मी विचारलं.

"त्याच्या घरचे म्हणले, मोबाईलपुढं नाचणारी पोरगी नको. तो पण हो म्हणला." ती नखानं टेबलावरचा चिकटपट्टीचा तुकडा खरवडत होती. "टॉर्च कुणी धरला होता ते नाही सांगितलं त्यानं घरी."

माझाही एक होता. तो गेला, म्हणजे वारला नाही, नाशिकला गेला. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी एखादा कट सुरेख जमला की मी अजूनही खुर्ची गर्रकन मागे वळवते, बघ म्हणून. मागे गोदरेजचं कपाट आहे. त्यानं आजवर एकदाही कौतुक केलेलं नाही.

तर, कारण कळलं. आता उपाय. मला तो लगेच सुचला आणि मी स्वतःवरच इतकी खूश झाले की तिला बिस्किटाचा पुडा फोडून दिला. पोरगी डावीकडे बघते ना, मग कॅमेराच डावीकडे ठेवायचा. बघू दे बिचारी, आपोआप थेट कॅमेऱ्यात बघेल.

वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा शूट लावलं. या वेळी मी जातीनं हजर. आमचा कॅमेरामन असिफ यानं कॅमेरा चार फूट डावीकडे सरकवला. स्पीकरवर गाणं लावलं. याला प्लेबॅक म्हणतात, गायिका त्यावर ओठ हलवते. कोमल गायली. ओळ आली. कोमलनं कॅमेऱ्याच्या डावीकडे बघितलं.

"कट," मी म्हटलं. "असिफ, अजून डावीकडे घे."

घेतला. ती अजून डावीकडे बघायला लागली.

"कट. अजून."

असं करत करत कॅमेरा लेथ मशीनला जाऊन टेकला. असिफ मशीन आणि भिंत यांच्यामध्ये पोट आत घेऊन उभा. बापूमामा मागून म्हणाले, "मॅडम, भिंत फोडू का? पलीकडं शेजाऱ्याचं गोडाऊन हाय, त्याला इचारावं लागंल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिची नजर वर्कशॉपच्या कुठल्या कोपऱ्यात जात नव्हती. ती कॅमेऱ्याच्या डावीकडे जात होती. कॅमेरा जिथे नेऊ तिथे सागर आधीच जाऊन उभा.

मामांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "एवढंच ना? मग मी ऱ्हातो उभा." आणि खरंच राहिले. कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, पोट पुढे काढून. गाणं सुरू झालं. ओळ आली तसा मामांनी अंगठा वर केला, चेहरा अगदी फोटो काढायला बसल्यासारखा.

कोमलनं बघितलं आणि तिचे ओठ थांबले. स्पीकरवर तिचाच आवाज पुढे गात राहिला.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तिथं नका ना उभं राहू."

मामा बाजूला झाले. दारापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"एक शेवटचा घेऊ, मग जेवू," मी म्हटलं. गाणं पुन्हा लागलं. मी मामांकडे बघत होते. ते उपरण्यानं तोंड पुसत होते, आणि तोंड पुसायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पुसत होते. त्या नादात मी कट म्हणायचं विसरले. मी म्हटलं नाही म्हणून असिफनं कॅमेरा बंद केला नाही. ऋतुजा आणि पल्लवी नाचत राहिल्या. गाणं पुढच्या कडव्यात गेलं तेव्हा मी भानावर आले.

संध्याकाळी स्टुडिओत ते शूटिंग लावलं. ओळ येते. कोमल डावीकडे बघते. तिथे कोणी नाही. हे तिला दरवेळी नव्यानं कळत असावं, कारण चेहरा क्षणभर अगदी रिकामा होतो, मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचं पटांगण दिसतं तसा. मग ती परत येते. थेट कॅमेऱ्यात बघते आणि पुढची ओळ गाते. अशी गाते की मी खुर्ची मागे वळवली.

मग मी पहिल्या शूटचे टेक काढले आणि जिथे मी कापत होते त्याच्या पुढे चालू दिले. प्रत्येक टेकमध्ये ती परत आली होती. एकदाही चुकली नव्हती. मीच प्रत्येक वेळी तिला तिकडे सोडून पुढे जात होते.

ती अख्खी ओळ मी न कापता लावली आणि मामा-भाचीला बोलावलं. मामांनी बघितलं आणि मान हलवली.

"न्हाई मॅडम. लोक म्हनतील, अजून वाट बघती त्याची."

"म्हणू द्या," कोमल म्हणाली.

"तुला कळतं का काय? तुझी आई गावात..."

"मामा, बघतेच मी वाट. गाणं लिहिलं म्हणून लगेच थांबती का? पण परत येते का नाही मी गाण्यावर? ते बघा की."

मामांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना ते पडद्याकडे न बघता भाचीकडे बघत होते.

"आईला तूच सांग," ते शेवटी म्हणाले. "मला न्हाई जमायचं."

गाणं बाहेर पडलं. फार गाजलं असं नाही, पण आमच्या जिल्ह्यात बऱ्यापैकी फिरलं. श्रीगोंद्यात जे बोलायचे होते ते बोललेच. कोमलची आई त्या आठवड्यात दळणाला गेलीच नाही. पुढच्या आठवड्यात गेली, नेहमीच्या वेळेला. सागरनं बघितलं की नाही ते कळलं नाही. कोमलनं काही दिवस फोन हातातून खाली ठेवला नव्हता, एवढं ऋतुजानं सांगितलं.

मग एक गंमत झाली. मुली त्या गाण्यावर रील करायला लागल्या आणि डावीकडे बघणं ही त्यांना स्टेपच वाटली. कोपरगावला पल्लवीच्या जुन्या कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. स्टेजवर निळ्या डांगरीतल्या पोरींची रांगच्या रांग. ओळ आली आणि सगळ्यांनी एका तालात माना वळवून डावीकडे बघितलं. तिथे विंगेत एक मोडका पोडियम होता. मग सगळ्या एका तालात परत. टाळ्या, शिट्ट्या. मी तर उभीच राहिले.

कोमल माझ्या शेजारी बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

"काय गं?"

"ताई, माझं आता जात नाही तिकडं लक्ष," ती म्हणाली. "परवा शोला मला ओळ आल्यावर आठवून बघावं लागलं. स्टेप म्हणून."

मी म्हटलं, "चांगलंच झालं की."

"हो," ती म्हणाली. "पण आता तिकडं कोणीच नाही."

यातून मी धंद्यापुरता धडा घेतला: नजर हटली की लगेच कापू नये, थोडं थांबावं. पुढच्याच लग्नात हा धडा वापरला. नवरी मंडपाच्या दाराकडे बघत होती, मी कापलं नाही. चार दिवसांनी तिच्या सासऱ्यांचा फोन आला, "मॅडम, सूनबाई एवढा वेळ कुणाकडे बघतायत?" तेव्हापासून मी गाण्यात थांबते. लग्नात कापते.