केबलच्या टोकावर लिहिलेलं नाव

न्सिम्बाच्या हातची केबल किन्शासातल्या कुठल्याही स्टेजवर लांबून ओळखू यायची. बाकीच्यांच्या वायरी बकरं कापल्यावर आतडी सांडावीत तशा पडलेल्या असत. हिची केबल नीट वेणी घातलेल्या पोरीसारखी सरळ चालत जायची. मध्ये एकच जाड अंग आणि दोन्ही टोकांना शेपट्या फुटलेल्या. एका टोकाच्या शेपट्या स्टेजवरच्या माइकांना, दुसऱ्या टोकाच्या रेकॉर्डिंगच्या यंत्राला. प्रत्येक शेपटी आधीच्या शेपटीपेक्षा बोटभर आखूड, म्हणजे प्लग एकमेकांच्या उरावर बसत नाहीत. बांधणी मेणाच्या दोऱ्याने, गाठीमागून गाठ. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा तिला तिटकारा होता. म्हणायची, "पट्टी आवळली की तार आतल्या आत मरते. आणि मेलेली तार बाहेरून जिवंतच दिसते."

हे तिला कुठल्या शाळेने शिकवलं नाही. शाळेत घालायला घरात काही नव्हतं. ती बाजारात पाव विकायची आणि शेजारी पापा लुतेते रेडिओ दुरुस्तीचं टेबल मांडून बसायचा. टेलिफोन खात्यात त्याने आयुष्यभर वायरींचे गठ्ठे बांधले होते. मग पगार थांबले, पुढे फोनही थांबले, आणि म्हातारा रस्त्यावर आला. एक दिवस तो तिला म्हणाला, "पोरी, इकडे ये. तुझी बोटं वेण्या घालून तयार झालीत. माझी आता थरथरतात." पावाची टोपली बाजूला राहिली, ती राहिलीच.

वाद्यवाले पुरुष चिडवायचे. "काय ममा न्सिम्बा, रेकॉर्डिंग करायचं की केस विंचरायचे?"

"तुझ्या डोक्यावर चार केस उरलेत म्हणून तुला वेणी बघवत नाही," ती तोंडातला दोरा न काढता बोलायची. "हो बाजूला, सोल्डरवर तुझी सावली पडतेय."

तिचा जुळा भाऊ न्झुझी गायक होता. त्यांच्यात जुळ्यातलं पहिलं ते न्सिम्बा आणि दुसरं ते न्झुझी, मुलगा असो की मुलगी. नाव ठरवण्याचा त्रास आईबापांना नाहीच. आणि जुळ्यांतल्या एकाला दिलं ते दुसऱ्यालाही द्यायचं. एकाला माशाचा तुकडा वाढला आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरं आजारी पडतं. आईने हे इतकं पाळलं, की न्झुझीला ताप आला तरी गोळी दोघांना.

पण त्याच्या गळ्यात गाठ आली ती एकट्याच्याच. डॉक्टरने सरळ सांगितलं, गाठ काढायची तर आवाजही जाईल, नाही काढली तर तू जाशील. न्झुझी म्हणाला, "काढा. पण आधी एकदा गाऊन घेतो."

गायचं काय, हेही त्याचं ठरलेलं होतं. ते राहायचे ती टेकडी वाळूची. वरची झाडं एका शेठने तोडली, वाळू उपसून विकली आणि कडेच्या जागांचे तुकडे पाडून गरिबांच्या गळ्यात मारले. एका पावसात खालची घळ अख्खी गल्ली गिळून गेली. माणसं अंथरुणासकट गेली. सरकारी माणूस आला, नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि निसर्गाचा कोप म्हणून गेला. निसर्गाने जागा विकल्या होत्या काय?

आणि न्झुझीच्या शेवटच्या कार्यक्रमाला पैसा त्याच शेठचा! दुसरा कोण देणार? गाण्याच्या मध्ये शेठलोकांची नावं फेकायची, हा तिथला रिवाज. गिटारचा सूर वर चढला की गायक ओरडतो, "अमुक शेठ, अमक्याचा बाप!" आणि ते नाव कॅसेटीवर चढून गावभर वाजतं. या शेठला त्याचं नाव हवं होतं. न्झुझीने मान डोलावली.

रात्री पानात बांधलेला कसाव्याचा चिक्वांग सोलता सोलता त्याने बहिणीला सांगितलं, "याया, शेठच्या नावाच्या जागी मी घळीत मेलेल्यांची नावं फेकणार. एकेकाचं."

न्सिम्बाने हातातला चिक्वांग खाली ठेवला. मग म्हणाली, "आवाज ताणू नकोस. माइक जवळ घे. बाकी माझ्यावर सोड."

त्या कार्यक्रमाची केबल तिने कुणाचा हात न लागू देता बांधली. सगळ्या शेपट्यांवर नेहमीप्रमाणे आकडे घातले. भावाच्या शेपटीवर मात्र आकडा घालवेना. माइकच्या टोकाला तिने लिहिलं न्झुझी आणि यंत्राच्या टोकाला न्सिम्बा. एकाला दिलं ते दुसऱ्यालाही. वर पारदर्शक नळी चढवून गरम केली, अक्षरं आत घट्ट बसली. पापा लुतेते असता तर ओरडला असता. तारेला आकडा असतो, नाव नसतं. पण तो केव्हाच मातीत गेला होता.

रविवारी दुपारी बिअर-बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजमागच्या खोलीत यंत्र होतं, यंत्राशी म्बुयी नावाचा रेकॉर्डिंगवाला आणि त्याच्या शेजारी स्टुलावर न्सिम्बा. शेठचा माणूस एकोफो तिथेच खुर्ची टाकून बसला होता, दोन दांडगट दाराशी. शेठचं नाव नीट चढतंय ना, एवढंच बघायला तो आला होता.

गिटार वर चढली. एकोफो हसून पुढे वाकला. आणि बाहेरून न्झुझीचा आवाज आला, घळीत गेलेल्या सुताराचं नाव घेऊन. मग त्याच्या बायकोचं. लोक आधी चपापले, मग एकदम उठले.

एकोफोचं हसू गेलं. "त्याची वायर कुठली?"

म्बुयी यंत्रावरच्या काट्यांकडे बघत राहिला. त्याला पोरंबाळं होती.

"ममा, तुला विचारतोय. कुठली?"

"आकडे आहेत. कुठला कोणाचा ते मला पाठ नाही," न्सिम्बा म्हणाली.

"तू बांधलीस आणि तुला पाठ नाही?" एकोफो खाली वाकला. गुंता असता तर हात घालून गाणं संपेपर्यंत शोधत बसला असता. पण तिचं काम! प्रत्येक शेपटी आपापल्या जागी, सरळ, वाचता येईल अशी. सगळ्यांवर आकडे आणि एकीवरच नाव. त्याने ते वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"न्सिम्बा," तो म्हणाला. "आणि न्सिम्बाच्या पाठीवर कोण येतं, हे या शहरात शेंबड्या पोरालाही कळतं. अक्षर छान आहे हो तुझं."

त्याने प्लग उपटला. ती अंगावर धावली, मनगटाला चावली. दांडगटांनी तिला दोन्ही खांद्यांना धरून स्टुलावर दाबलं. यंत्रावरचा एक काटा निपचित पडला. बाहेरच्या भोंग्यांची केबल वेगळी होती, त्यामुळे भिंतीपलीकडून एकेक नाव स्वच्छ येत होतं. गाणं संपेपर्यंत एकोफो ती शेपटी मेलेल्या उंदरासारखी मुठीत धरून उभा होता.

न्झुझी घामाने भिजून आत आला. तोवर एकोफो आणि दांडगट निघून गेले होते. न्झुझीच्या हातातल्या रुमालावर रक्त होतं आणि चेहऱ्यावर लहानपणचं हसू. "याया, कॅसेटीवर आलं?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

पुन्हा गा, असं कुणाला सांगणार?

"आलं," न्सिम्बा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात नेलं.

तो घरी आला तेव्हा गळ्याला भोक होतं आणि त्यावर फडकं. वस्तीतले उरलेले लोक अंगणात जमले. न्झुझीने मेलेल्यांची नावं घेतली, हे सगळीकडे पसरलं होतं. कुणी तरी खाली जाऊन म्बुयीकडून कॅसेट आणली होती. न्सिम्बाने बॅटरी संपली म्हणून बघितलं, लोकांनी बॅटरी आणली. तिने डोकं दुखतंय म्हणून बघितलं. शेवटी भावानेच हात लांब करून बटण दाबलं.

ढोल वाजले. गिटार वर चढली. लोक ओरडले. आणि न्झुझीच्या जागी काही नव्हतं. ढोलाच्या माइकात शिरलेला एक पुसट आवाज तेवढा होता, घराआड कुणी भांडत असल्यासारखा. त्यातून एकही नाव सुटं होत नव्हतं.

ममा लुझोलोची एकुलती पोर, मकिएसे, घळीत गेली होती. म्हातारीला चालवत नव्हतं म्हणून कार्यक्रमाला जाता आलं नव्हतं. तिने कान यंत्राला लावला होता. गाणं संपलं तशी तिने मान वर केली.

"न्झुझी बाळा, माझ्या मकिएसेचं नाव घेतलंस ना रे? मला काही ऐकू येईना."

न्झुझीने तिचा हात धरला आणि ओठ हलवले. मकिएसे. पुन्हा हलवले. गळ्यावरचं फडकं नुसतं आत-बाहेर होत राहिलं. मग त्याने मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

"काय म्हणतो गं हा?" म्हातारीने न्सिम्बाला विचारलं.

न्सिम्बाने कॅसेट उलटी फिरवायला लावली. "थांबा, ममा," ती म्हणाली, "परत लावते."