नातीची खेळी

कल्याणच्या स्टँडवर मुरबाडच्या जीपमध्ये माझ्याशेजारी एक वृद्ध शेतकरी बसले होते. मी अर्जलेखक असल्यामुळे माणसाची अस्वस्थता मला तत्काळ कळते. मुलाच्या शहरातील घरी राहून आदल्या संध्याकाळी त्यांनी सर्व कुटुंबासह गाण्याचा कार्यक्रम ऐकला होता. आज नातीचा बेसबॉलचा सामना होता. छत्री बॅटसारखी दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "ती खेळाया उभी राह्यली नि मी उठलो. जीप चुकली तर म्हशीला पानी कोन दावील?"

"अजून दोन शीट येऊ द्या, बाबा, मग सोडतो," चालक म्हणाला.

इतक्यात मुलाचा फोन आला.

"लांब मारला? शाब्बास!" ते हसले. मग हळूच विचारले, "मी गेलो, त्ये तिला कललं का रे?"

उत्तर ऐकून त्यांनी फोन खिशात ठेवला.

"मारल्यावर पयली माझ्याच खुर्चीकडं बघितलंन," ते मला म्हणाले.