इंजिनावरचा क्रीम पट्टा

अकोल्यातल्या एका वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलामागे, काचेचं एक कपाट आहे. त्यात मीटरगेजच्या छोट्या लाइनीवरची इंजिनं मांडली आहेत. पत्र्याची, हातभर लांब. ती सगळी मी केली. बहुतेक काळी आहेत, वाफेची. शेवटचं डिझेलचं, निळं, आणि त्याच्या कुशीवरून आडवा एक क्रीम पट्टा गेलेला. खाली कार्ड होतं: 'सर्व रंग मूळ इंजिनांप्रमाणे.' कार्डही मीच लिहिलं होतं. काळ्या इंजिनांबद्दल ते खरं आहे. निळ्याबद्दल खोटं, आणि हे मला वेळेवर सांगणाऱ्या माणसाला मी त्याच हॉलमध्ये, चार लोकांसमोर, खाली पाहायला लावलं.

मी रेल्वेत रंगकामाला होतो. शेडमध्ये इंजिन आलं की ते धुवायचं, जुना रंग खरवडायचा, वॉटर पेपरने घासायचं, प्रायमर मारायचा आणि मग रंग. आयुष्यभर हेच केलं. निवृत्तीनंतर अमरावतीला घर बांधलं, कारण बायकोचं माहेर तिथलं. घर पुरं झालं, दोन-चार वर्षं आम्ही त्यात राहिलो, आणि ती गेली. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते. बाकीचे दिवस मी घरात कोणाशी बोलत नाही. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून इंजिनं करायची सवय त्या दिवसांतच लागली.

नोकरीत अकोल्याला असताना स्टेशनच्या रस्त्यावर एकाचं मॅचिंग सेंटर होतं. साडीवर ब्लाऊजपीस, फॉल, अस्तर असं सगळं तिथे मिळायचं. मी बायकोबरोबर तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने साडी आणि पीस दोन्ही हातात घेतले आणि सरळ बाहेर, पायरीवर जाऊन उभा राहिला. "ट्यूबलाइटखाली मी कोनालेच कपडा देत नाई," तो बायकोला म्हणाला, "घरी जाऊन शिव्या तुमी मलेच देता, ट्यूबलाइटले नाई." आणि पाहून झाल्यावर त्याने स्वतः काढलेला पीस परत फळीवर ठेवला आणि दुसरा आणला. मी त्याला शेठ म्हणू लागलो, तो मला पेंटर. तो लहानपणापासून छोट्या लाइनीचा वेडा होता. रोज संध्याकाळी विचारायचा, "आज कोनतं रंगवलं?"

म्हणून इंजिनं करायला लागलो तेव्हा रंग त्याच्याकडे घेऊन जाणं मला साहजिक वाटलं. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडी पकडायची, अकोल्याला उतरायचं आणि त्याच्या पायरीवर बसायचं. मी पुठ्ठ्यावर रंगाचे हात मारून नेत असे, तो ते उन्हात धरून पाहत असे. काळ्यासाठीसुद्धा आम्ही भांडलो. तो म्हणायचा, चाकाजवळचा काळा तेलकट असतो, धुराड्याजवळचा करपलेला, दोन्ही एक करू नको. बायको गेल्यानंतर मी कोणाशी मनापासून भांडलो असेन तर फक्त त्याच्याशी.

छोटी लाइन बंद झाली, रूळ उखडले. एका भंगारवाल्याकडून शेठने डिझेल इंजिनाच्या दाराचा एक पत्रा मिळवला. बाहेरून तो गंजलेला होता. पण जिथे नंबरची पाटी स्क्रूने बसवली होती, त्या चौकोनात मूळ रंग जसाच्या तसा राहिला होता, अर्धा निळा आणि अर्धा क्रीम. अशा इंजिनांचा मूळ रंग दाखवणारं याखेरीज दुसरं काही आमच्या हाती कधी लागलं नाही. पुढेही लागलं नाही.

तोवर माझं निळं इंजिन तयार झालं होतं. क्रीम मी आठवणीने मिसळला होता. शेडमध्ये हजार वेळा मिसळलेला रंग, त्याला नमुना कशाला? ते पायरीवर ठेवलं तसं शेठने ते उचलून उन्हात धरलं.

"पेंटर, हे काय लावलं?"

"क्रीम."

"हा क्रीम? दुकानात आलेल्या कोन्याबी बाईले इचार. चुना हाय हा. अन निळा तर कपड्याच्या निळीसारखा भडक."

"पत्र्यावरचा पिवळा पडलाय," मी म्हणालो. "पांढरा घातलेला ऑइल पेंट अंधारात पिवळा पडत असते. पाटीखाली वर्षानुवर्षं अंधारच होता."

हे काही मी उगाच म्हटलं नव्हतं. असं होतं. शेठने ऐकून घेतलं आणि पत्रा गच्चीवर नेऊन ठेवला. अंधारात पिवळा पडलेला रंग उन्हात पुन्हा उजळतो, हे मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं. पूर्ण उन्हाळा, अकोल्याच्या उन्हात, तो पत्रा गच्चीवर पडून राहिला. मग त्याने मला बोलावलं. क्रीम तसाच होता.

"आता बोल."

मला राग आला.

"तुया डोयात जाळं आलं असंन," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. "दाखवून घे एकदा."

"माह्या डोयाचं सोड," मी म्हणालो. "मी इंजिनं रंगवली. तू साड्यांचे फॉल लावले."

तो हसला नाही. पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने माझ्या हातात दिला. "घरी ने. शांततेनं पाय. मंग सांग."

मी तो घरी नेला. एक दिवस पाहिला, दुसऱ्या दिवशी पाहिला. मला माझा क्रीम क्रीमच दिसत होता आणि पत्र्यावरचा मळका. शेवटी मी असं काही केलं की जे एखादा अडाणी माणूस कधी करू शकला नसता. पत्रा वॉटर पेपरने घासला. चांगला पेंटर जुन्या रंगावर नवा चढवत नाही, तो मुळापर्यंत जातो. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, प्रायमर मारला, वाळू दिला, पुन्हा घासला आणि त्यावर माझा निळा आणि माझा क्रीम मारला. काम सुरेख झालं. हे मी इथे लिहितो, कारण ते सुरेख झालं हेच त्यातलं वाईट आहे. ओबडधोबड केलं असतं तर खाली काहीतरी उरलं असतं.

वाचनालयात कपाट बसलं त्या दिवशी मी तो पत्रा सगळ्यांसमोर शेठच्या हातात दिला. "हा खरा नमुना. असा होता रंग."

त्याने पत्रा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. अंगठा फिरवला.

"साफ केलं?"

"मुळापासून."

जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, रंगाचं काम पेंटरलाच कळणार, शेठ. लोक हसले. मीही हसलो. शेठने पत्रा कपाटाच्या तळाशी, इंजिनाच्या मागे सरकवून ठेवला आणि दुकान उघडायचं आहे म्हणून निघून गेला. नंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. इंजिनं करणं हळूहळू थांबलं. पायरी नव्हती, तर रंग कोणाला दाखवायचे?

यंदा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी सहज सांगितलं, "फार वर्षांचा होता काका, तुम्हाला सगळं पिवळट दिसत असेल." शेजाऱ्याच्या रिक्षातून घरी आलो, पट्टी निघाली, थेंब घालून खुर्चीत बसलो. स्टीलचा पेला इतका पांढराशुभ्र असतो हे मी विसरलो होतो. डावा डोळा अजून जुनाच होता. एक झाकायचा, दुसरा उघडायचा, असा खेळ सगळे पेशंट करतात म्हणे. मीही करत बसलो.

मग शेल्फवरचा पुठ्ठा काढला. निळ्या इंजिनाच्या वेळी त्यावर मी क्रीमचे हात मारून पाहिले होते. डाव्या डोळ्याने पाहिलं, क्रीम. उजव्याने पाहिलं, चुना. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. डावा डोळा अजूनही माझ्या बाजूने होता. घरात दुसरं कोणी असतं तर मी निदान त्याला हाक मारली असती.

डोळ्याला जरा आराम पडल्यावर अकोल्याला गेलो. वाचनालयातल्या बाईंकडून किल्ली घेतली आणि तो पत्रा काढला. कोपऱ्यात वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने घासलं. पांढरा गेला, प्रायमर आला, प्रायमर गेला, लोखंड आलं. दुसऱ्या कोपऱ्यात घासलं. तेच. मला आधीच माहीत होतं, कारण काम मी केलं होतं.

पत्रा पिशवीत घालून दुकानात गेलो. आता तिथे लेगिंग आणि ओढण्या टांगलेल्या. गल्ल्यावर शेठची सून. मागे पंख्याखाली शेठ बसला होता, चेहरा दाराकडे, पण डोळे माझ्यावर येत नव्हते.

"शेठ."

"कोन? पेंटर?" तो म्हणाला. "जित्ता हायेस का अजून?"

"आहे."

"मंग बस. आवाजावरून तर बुढा झालास."

"शुगर से गई अब्बा की नजर," सून मला हळूच म्हणाली.

"हळू कायले सांगते? त्याले दिसत हाय की नाई?" शेठ म्हणाला. "उजेड-अंधार समजते, पेंटर. बाकी बंद."

मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, पुठ्ठा, दोन डोळे. तू म्हणत होतास तो चुनाच होता, हेही सांगितलं. त्याने हात पुढे केला.

"अन पत्रा?"

मी पत्रा त्याच्या हातात दिला. त्याने घासलेला कोपरा बोटाने चाचपला.

"काहीच नाई खाली?"

"नाही."

"हो," तो म्हणाला. "काम पक्कं असते तुयं."

मी सुनेला म्हटलं, बेटा, क्रीममधले जितके पीस असतील तितके काढ. तिने बदामी, हाफ व्हाइट, फिका लिंबू असे पाच-सहा पीस पायरीवर आणून पसरले. मी नव्या डोळ्याने एकेक पाहिला. एकावर मन बसलं.

"हा वाटते, शेठ."

"कसा हाय?"

"सायीसारखा."

"कोनत्या सायीसारखा? गायीच्या का म्हशीच्या?"

मी पीस पुन्हा उन्हात धरला. सून तोंडाला ओढणी लावून हसली. शेठही हसला, मग थांबला.

"मले नको इचारू, पेंटर. इथं बसून मी त्याले लय वेळा आठवलं. कधी पिवळा होते, कधी गोरा होते. आता मी जे सांगन तेबी खोटं. तू आंधळेपणानं सांगितलं, मी आंधळा होऊन सांगन. फरक काय?"

"मग कार्डावर काय लिहू?"

"माईत नाई असं लिव."

"मी पेंटर होतो शेठ, त्याच इंजिनांचा."

"तर मंग? पेंटरले 'माईत नाई' असं लिवता येत नाई का?"

मी तिथेच, गल्ल्यावर, सुनेच्या पेनाने कार्ड लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. 'निळ्या इंजिनावरचे रंग चुकीचे आहेत. मूळ रंगाचा एकमेव नमुना मी स्वतः घासून काढला. ज्यांनी तो जपला होता ते मला वेळेवर सांगत होते. खरा रंग आता सांगता येत नाही.' शेठ म्हणाला, जपला वगैरे काढ, मी काय देव हाय का. मी ते काढलं नाही. पुन्हा वाचून दाखवताना मात्र ते गाळलं आणि काढलं असं त्याला सांगितलं. हेही इथे नोंदवून ठेवतो.

वाचनालयात बाईंनी जुनं कार्ड काढून नवं लावलं. वाचून त्या म्हणाल्या, "काका, पण एवढं कशाला? तुम्ही आहात, ब्रश आहे. योग्य रंग मारून टाका ना."

"कोणता?" मी विचारलं.

त्यांनी कपाट बंद केलं आणि मी जिना उतरलो.