मणक्यात शिरलेली माती
रोपवाटिकेत तिला सगळे कुंडीवाली मावशी म्हणत. अठरा वर्षं तिनं ओल्या मातीत उघडे हात घालून कुंड्या भरल्या. मालकानं हातमोजे आणले तर म्हणाली, "मोज्यातून मूळ कळतं होय?" अंगात साखर होती, पण तिनं ती कधी मनावर घेतली नाही.

पाठ दुखायला लागली तेव्हा पहिल्या डॉक्टरनं वाकण्याला दोष दिला. दुसऱ्यानं पट्टा दिला. रोज ताप चढू लागल्यावर तिसऱ्यानं फोटो बघून मणक्याचा टीबी ठरवला. पाच महिने मावशीनं मूठमूठ गोळ्या गिळल्या. ताप हटेना, अंगावरचं मांस झडलं, आणि एके सकाळी न्हाणीतून बाहेर पडताना डावा पाय उचललाच गेला नाही.

मग तिला उचलायला, पुसायला आली मोठी जाऊ. दोघींचं कित्येक वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य!

"ताई, आता पुरे. सुटू द्या मला," मावशी भिंतीकडे तोंड करून रडली.

"सुटायचंय ना? आधी कूस बदल. पाठीला जखम होतेय."

मोठ्या इस्पितळात तपासणीसाठी सुईनं मणक्यातला थोडा पू काढला. अहवाल आला: पुवात जंतू दिसला, पण तो बाहेरून मिसळलेला, दुर्लक्ष करावं. टीबीचंच औषध चालू ठेवा, डॉक्टर म्हणाले. जाऊ तडक तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेली.

"पू तिच्या हाडातून काढलाय. मग जंतू बाहेरचा कसा?"

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "पेशंट काम काय करतात?"

"माती कालवते. जन्मभर."

बाईंनी नमुना पुन्हा तपासायला घेतला. तीन दिवसांनी उलगडा झाला. मेलिऑयडोसिस. ओल्या मातीतला जंतू, मणक्यात क्वचितच शिरणारा. टीबीची औषधं त्याच्यासाठी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ऑपरेशन करून पू काढला. आठ आठवडे शिरेतून औषध चाललं, दोन्ही हात काळेनिळे झाले. औषधाच्या नवव्याच दिवशी ताप उतरला होता. पाय मात्र परतला नाही.

"थोडं आधी कळलं असतं तर..." सर्जन म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

आता मावशी वॉकर धरून दारापर्यंत जाते. मालकानं गल्ल्यावर बसायला बोलावलं, ती गेली नाही. अजून सहा महिने गोळ्या आहेत. एखाद्या दिवशी ती ओठ घट्ट मिटून घेते. जाऊ पाण्याचा पेला घेऊन, गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी राहते.